मासळीच्या हुमणावर दूध प्यायल्याने सोरायसिस होत नाही

गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतोय: मासळीवर दूध प्यायलं की रक्त नासतं आणि सोरायसिस हा त्वचेचा आजार होतो, तो शिवल्याने पसरतो, मासळी सोडून आमचं चूर्ण घ्या, मुळासकट जाईल.

आधी मासळी. ती दुधासोबत खाऊ नये, हे आयुर्वेदात जुनंच आहे. पण त्यातून सोरायसिस होतो याला पुरावा नाही. ज्यांच्या घरात मासळी शिजतच नाही, त्यांनाही तो होतो.

रक्त नासत नाही, बिनसते ती प्रतिकारशक्ती. तिच्या टी-पेशी आणि इंटरल्युकिन-१७, २३ हे संदेशवाहक त्वचेला नको इतकी घाई करायला लावतात. एरवी तळातली पेशी वर यायला महिनाभर लागतो, इथे ती काही दिवसांत पोचते. म्हणून कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्यात खवले साचतात. मुळाशी अनुवंशिकता असते, पण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. वरून काहीतरी ठिणगी लागते. लहान मुलांत घशाचा स्ट्रेप्टोकोकस संसर्ग झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत अंगभर थेंबाएवढे चट्टे उठू शकतात. मानसिक आजारावरचं लिथियम, रक्तदाबाची काही औषधं, मलेरियावरचं क्लोरोक्विन यांनीही आजार उसळू शकतो. शिवाय सिगारेट, वाढलेलं वजन, मानसिक ताण आणि दारू. संदेशाने बांगड्याला एवढी नावं ठेवली, फेणीबद्दल मात्र चकार शब्द नाही!

शिवल्याने तो पसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) जागतिक आरोग्य सभेने २०१४च्या ठरावात त्याला असंसर्गजन्यच म्हटलंय. खरचटलेल्या जागी रुग्णाच्याच अंगावर नवा चट्टा उठतो, त्यावरून लोकांचा गैरसमज होत असावा. पंगतीत त्या माणसाला वेगळं बसवायचं काहीच कारण नाही.

राहिलं चूर्ण. आजार आटोक्यात राहतो, कित्येकांची त्वचा वर्षानुवर्षं स्वच्छ राहते. पण मुळासकट घालवणारं औषध आज कुणाकडेच नाही. घटक न छापलेल्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवसांत चट्टे विरतात आणि पुडी बंद करताच दुप्पट जोराने उलटतात, कधी पूभरल्या फोडांसकट. अशी पुडी कुणी घेत असेल, तर ती परस्पर बंद करू नका आणि फेकूनही देऊ नका. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे लगेच जा आणि पुडी सोबत न्या. ती कशी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील.