स्थळप्रत दाखवा

महसूल खात्यातून निवृत्त झालेला माणूस सोसायटीचा अध्यक्ष झाला की सचिवाने ईमेलसुद्धा जावक बारनिशी डोळ्यांसमोर ठेवून पाठवायचा असतो. आमचे अण्णा तसे देवमाणूस. पण "पत्र गेलं हे तुम्ही म्हणताय. स्थळप्रत दाखवा," हे त्यांचं पालुपद. मी बिनपगारी सचिव. माझ्या सगळ्या स्थळप्रती संगणकावरच्या मेल प्रोग्राममध्ये, 'सेंट' नावाच्या फोल्डरात असायला हव्यात. हव्यात.

घोळ मुळातच आहे. मेल धाडणारी एसएमटीपी ही पद्धत १९८२ सालची. टपाल पुढच्या सर्व्हरच्या हवाली केलं की ती मोकळी. मागे प्रत ठेवणं तिच्या कामातच बसत नाही. आयमॅप वापरत असाल, म्हणजे टपाल सर्व्हरवरच ठेवून तिथूनच वाचत असाल, तर ती प्रत आपला प्रोग्राम वेगळी, नव्याने, सर्व्हरवर चढवतो. म्हणजे ऑडिट रिपोर्टची जाडजूड पीडीएफ आमच्या मरतुकड्या ब्रॉडबँडवरून एकदा सभासदांकडे जाते आणि मग तेवढीच्या तेवढी पुन्हा वर जाते. पहिली खेप सुखरूप पोचते. दुसऱ्या खेपेला ती पट्टी सरकत सरकत शेवटाशी येते, तिथेच बसकण मारते आणि एक खिडकी उगवते : संदेश गेला आहे, पण त्याची प्रत ठेवता आली नाही. पुन्हा प्रयत्न करायचा?

पुन्हा म्हणजे काय पुन्हा? प्रत ठेवणार, की नोटीसच परत धाडणार? वार्षिक सभेची नोटीस दोनदा गेली, तर तिसऱ्या मजल्यावरचे काका सभा दोन आहेत असं धरून दोन्हींवर लेखी हरकत घेतील. माउसवरचं बोट तसंच राहतं. आतून बायको विचारते, "झालं का हो पाठवून?" याचं खरं उत्तर 'झालंही आणि नाहीही' असं आहे, पण ते जेवायच्या वेळी देता येत नाही.

बरं, प्रत राहिली तरी कुठे? माझा प्रोग्राम 'सेंट'मध्ये ठेवतो, आधीच्या सचिवांचा 'सेंट आयटम्स'मध्ये ठेवायचा आणि फोनने 'सेंट मेसेजेस' अशी तिसरी चूल मांडलीय. भाऊबंदकीत सातबारा फुटावा तसा आमचा पत्रव्यवहार फुटलाय. पाठवलेल्या टपालाचा फोल्डर कोणता, हे सर्व्हरने खुणेने सांगावं, असा नियम २०११ साली झाला. पण खूण केली तरी समोरच्याने बघायला नको? जीमेलचं तर उलटंच. त्याच्यामार्फत पाठवलं की तो प्रत स्वतःच ठेवून घेतो, म्हणून तिथे प्रोग्राममधली 'प्रत ठेवा'ची टिकली काढून टाकायची. आणि पॉपवाल्यांची, म्हणजे टपाल आपल्या मशीनवर उतरवून घेणाऱ्यांची, प्रत त्या एका मशीनवरच असते. हार्ड डिस्क गेली की दप्तर गेलं.

शेवटी मी सोपा मार्ग काढला. प्रत्येक मेलच्या बीसीसीत सोसायटीचाच पत्ता घालायचा. मेल फिरून आपल्याच इनबॉक्समध्ये येतो, तारीखवेळेसकट. पुढची नोटीस तशी धाडली, आलेला मेल छापला आणि अण्णांपुढे ठेवला.

अण्णांनी चष्मा नाकावर सरकवून वरपासून खालपर्यंत वाचला.

"अहो, ही तर आवक झाली. जावक कुठाय?"

आणि त्यांनी त्यावर रीतसर आवक क्रमांक टाकला. नोटीस सोसायटीने सोसायटीला पाठवली आणि ती सोसायटीला मिळाली, एवढं तूर्त रेकॉर्डवर आहे.