आकृती काढणारं मूल कच्चं नसतं

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "हुशार मुलं गणित डोक्यात सोडवतात. आकृती ही कच्च्या मुलांची कुबडी. चित्रं चित्रकलेच्या तासाला काढावीत. रामानुजन कुठे कागद घेऊन बसत?" मी गणिताच्या शिकवण्या घेते. हा मेसेज वाचून पालक मुलांच्या हातातली पेन्सिल काढून घेतील, याची मला खरोखर काळजी वाटते.

रामानुजन पाटी घेऊन बसत. कागद महाग, म्हणून पाटीवर मांडायचं, कोपराने पुसायचं आणि उत्तर तेवढं वहीत उतरवायचं. वहीत पायऱ्या नाहीत, म्हणून त्या डोक्यातच झाल्या असं कसं म्हणता?

आता 'कुबडी'. 20 मीटर रस्त्याच्या एका कडेला, दोन्ही टोकं धरून, दर 5 मीटरवर एक रोप. एकूण रोपं किती? चटपटीत मुलं भागाकार करून '4' म्हणून मोकळी होतात. रेघ ओढून 0, 5, 10, 15, 20 वर खुणा केल्या, की रोपं 5 दिसतात. 4 ही मधली अंतरं. भागाकार चुकला नव्हता, तो कशाचा केला हे सुटलं होतं.

डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. जिल लार्किन आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी 1987 साली आणखी एक गोष्ट दाखवली: वाक्यांमध्ये हवी ती माहिती शोधत फिरावं लागतं, आकृतीत संबंधित गोष्टी शेजारीशेजारी असतात. नवख्या पाहुण्याला सांगून पाहा: जुन्या बडोद्याच्या मधोमध मांडवी, तिच्या पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहरीपुरा, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. पाणीगेटकडून येऊन मांडवीला उजवीकडे वळलं तर कुठे पोचू? तो वाक्यं घोळवत बसेल. अधिकाचं चिन्ह काढून टोकांना नावं लिहिली, की बोट फिरवून चांपानेर दरवाजा सांगेल.

आणि चित्रकलेचा तास? सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये काढलेल्या कलाभवनात यंत्रविद्या आणि ड्रॉइंग एकाच छपराखाली शिकवत. बडोद्याने तरी ही फारकत करू नये.

आकृती फसवते, हे मात्र खरं. 'कोणताही त्रिकोण' म्हटलं की मुलं समभुज काढतात आणि बाजू सारख्या आहेत असं नकळत धरून चालतात. अशा वेळी मी शेजारी एक वेडावाकडा, विशालकोन त्रिकोण काढायला लावते, आणि सिद्धतेची प्रत्येक पायरी तिथेही टिकते का ते तपासायला सांगते.