धुतलेल्या कॅपवर पांढरा पट्टा परत का येतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची तक्रार अशी : काळ्या कॅपची आतली घामाची पट्टी भांड्याच्या लिक्विडने घासली, ओल्या फडक्याने पुसली, गच्चीवर उन्हात ठेवली, वाळल्यावर पांढरा पट्टा बोटभर वर सरकून पुन्हा हजर. "यापेक्षा गरम पाणी, ब्लीच आणि मशीन बरं," असं तुम्ही लिहिलंत.

पट्टा वर सरकला, यातच कारण आहे. तो पट्टा मिठाचा. घामातलं पाणी उडतं, मीठ कापडात राहतं. फक्त पट्टी ओली केली की ते मीठ विरघळतं आणि पाण्याबरोबर कोरड्या कापडात पसरतं. ओल जिथे थांबते तिथे पाणी उडून जातं आणि मीठ कडेला साचतं. घासण्याचा उपयोग डोक्याच्या तेलासाठी. मीठ घालवायचं तर अख्खी कॅप पाण्यातून काढायलाच हवी.

तेव्हा क्रम असा ठेवा. कॅप कोरडी असतानाच आतल्या पट्टीवर भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका, जुन्या मऊ टूथब्रशने पसरवा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. आधी पाणी लावलं तर लिक्विड पातळ होतं आणि तेलावर नीट बसत नाही. मग बादलीत दोन लिटर कोमट पाणी, त्यात एक छोटा चमचा लिक्विड डिटर्जंट. कॅप पूर्ण बुडवून अर्धा तास. त्यानंतर साध्या पाण्यातून किमान तीनदा खळबळून घ्या, दर वेळी पाणी बदलून. शेवटच्या पाण्यात फेस दिसत असेल तर अजून एकदा. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा.

पाणी बोअरचं आहे का, तेही बघा. जड पाण्यात साबणाची वडी वापरली की पांढरट साका तयार होतो आणि काळ्या कापडावर तो मिठासारखाच दिसतो. म्हणून वडी नको, डिटर्जंटच घ्या, आणि शेवटचं खळबळणं आरओच्या पाण्यात करा. तांब्याभर पुरतं.

आता मशीन आणि ब्लीच. कॅपची कपाळावरची बाजू उभी राहते ती आतल्या बुकरममुळे. ते खळ किंवा गोंद लावून कडक केलेलं जाळीदार कापड असतं. गरम पाण्यात तो गोंद सुटला आणि वरून ड्रमची आपटाआपटी झाली की समोरचा भाग कायमचा लोळतो. इस्त्रीनेही पूर्वीसारखा उभा राहत नाही. क्लोरीनचं ब्लीच काळ्या कॅपवर टाकलं तर ती तांबूस होईल. पांढऱ्यावरही घामाचा पिवळेपणा त्याने अनेकदा वाढतो. पांढऱ्या सुती कॅपला ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर वापरा, पाकिटावरच्या मापाने. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

वाळवणं हा नागपुरात वेगळाच विषय. मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो तेव्हा गच्चीवर कॅप झटपट वाळते खरी, पण गडद रंग उन्हाने उडतो. उलट्या स्टीलच्या डब्यावर कॅप चढवा, डबा डोक्यापेक्षा लहान असेल तर त्याभोवती टॉवेल गुंडाळा, आणि पंख्याखाली सावलीत ठेवा. कूलरसमोर नको, तिथली हवा दमट असते.

धुण्याआधी मात्र डोळ्यांवर सावली देणारा पुढचा कडक भाग बोटाने वाकवून बघा. प्लॅस्टिकचा असेल तर परत सरळ होतो. जुन्या टोप्यांत पुठ्ठा असतो. तो ठोकला तर बद्द वाजतो, वाकवला तर घडी राहते. अशी टोपी बुडवू नका, पुठ्ठ्याचा लगदा होईल. तिला ओल्या स्पंजने टिपत साफ करा. फक्त डागावर नाही, तो पूर्ण कापडी तुकडा शिवणीपासून शिवणीपर्यंत सारखा ओला करत, म्हणजे ओलीची कड मधेच उमटणार नाही.