राक्षस भडकच हवा

भयपटातला राक्षस रबराचा आहे हे दिसलं की आपल्याकडे लोक लगेच ‘बी ग्रेड’ म्हणून हात झटकतात. मला हा निवाडा मान्य नाही. आणि तो आमच्या सिंधुदुर्गातल्या माणसाने दिला की जास्तच खटकतं. तोंडाला रंग फासलेल्या, डोळे गरागरा फिरवणाऱ्या, मृदंगाच्या तालावर आरडाओरडा करत येणाऱ्या राक्षसासमोर थंडीत पहाटेपर्यंत बसून राहणारी माणसं आपण. जत्रेतला दहिकालो, म्हणजे रात्रभर चालणारं दशावतारी नाटक, बघून घरी जाताना ‘राक्षस खोटा वाटला’ असं कोणी म्हणतं का? ‘राक्षस जोरात झाला’ असं म्हणतात. तेच माप परदेशी सिनेमाला लावायला काय हरकत आहे?

मी बोलतोय ते १९९५च्या ‘डेमन नाइट’ या सिनेमाबद्दल. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ नावाची अमेरिकन मालिका तेव्हा एचबीओवर चालू होती, तिच्या नावाखाली आलेला हा पहिला चित्रपट. सुरुवातीला आणि शेवटी मालिकेतला तो खिदळणारा सांगाडा येऊन बडबड करतो. तो भाग मला कंटाळवाणा वाटतो, त्याबद्दल एवढंच. मधला दीड तास मात्र अस्सल आहे.

गोष्ट एका रात्रीची. न्यू मेक्सिकोतल्या वर्मवुड नावाच्या आडगावात एक जुनं चर्च आहे, आता त्याचं लॉज झालंय. मालकीण आयरीन. जेलमधून कामापुरती बाहेर सोडलेली जेरीलिन तिच्याकडे राबते. बाकी एक म्हातारा दारुडा, टपालखात्यातून काढून टाकलेला एक बुजरा माणूस, एक वेश्या, एक उर्मट स्वयंपाकी. कुणाचं कुणाशी काही नातं नाही. त्यांच्यात रात्री ब्रेकर नावाचा एक दमलेला माणूस येतो. त्याच्याकडे किल्लीच्या आकाराचं एक पात्र असतं आणि त्यात येशूच्या क्रुसावरचं रक्त. त्याच्या मागोमाग येतो कलेक्टर, सैतानाचा हस्तक. तो स्वतःचं रक्त वाळूत सांडतो आणि त्यातून राक्षस उभे राहतात. ब्रेकर दार-खिडक्यांच्या चौकटींवर किल्लीतल्या रक्ताचे थेंब सोडतो. ती रेघ राक्षसांना ओलांडता येत नाही. बस, एवढा एक नियम, आणि आत अडकलेले परके लोक.

गेल्या पावसाळ्यात वेंगुर्ल्याच्या घरी आम्ही तो सगळे मिळून बघितला. माझ्या आत्येला इंग्रजी येत नाही. मी मधेमधे सांगत होतो, पण पहिल्या अर्ध्या तासानंतर तिला माझी गरजच उरली नाही. ब्रेकर चौकटीवर रक्त सोडतोय हे दिसलं आणि ती म्हणाली, “शीम बांधता तो.” म्हणजे राखणीची हद्द आखतोय. कलेक्टर बाहेरून हसत हसत बोलायला लागला तेव्हा म्हणाली, “हो आपलो संकासूरच रे!”

किती नेमकं बोलली ती! दशावतारात आख्यान सुरू होण्याआधी आडदशावतार होतो, त्यात काळ्या वेषातला संकासूर येतो. तो वेद पळवणारा असुर, विष्णूच्या हातून मरणारा. पण मरण्याआधी तो लोकांशी बोलतो, टोमणे मारतो, पोरांना घाबरवतो, हसवतो. मांडावर सामान काय, तर एक बाकडा. तेच सिंहासन, तोच डोंगर. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतो. अशा नटाला राक्षसपार्ट करायचा तर आवाज, डोळे, चाल सगळं वाढवूनच दाखवावं लागतं. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत राक्षस पोचला पाहिजे. तो भडकपणा म्हणजे कसब आहे, आणि ते कमवायला नटाची वर्षं जातात.

बिली झेनने कलेक्टर असाच केलाय. ‘टायटॅनिक’मधला रोझचा श्रीमंत वाग्दत्त वर, तोच हा नट, त्याच्या दोन वर्षं आधीचा. इथे तो नाचतो, खुशामत करतो, एका क्षणात चिडतो, पुन्हा मधाळ होतो. रेघ ओलांडता येत नाही म्हटल्यावर तो एकेकाच्या मनात शिरतो. दारुड्याला भरलेला बार आणि भोवती बायका दाखवतो. एकाकी वेश्येला प्रेम देऊ करतो. त्यांच्यात असलेल्या एका लहान पोराला चित्रांच्या पुस्तकातून गाठतो. प्रत्येकाशी वेगळा आवाज, वेगळं हसू. आणि उर्मट स्वयंपाकी रोचला तर भुलवावंच लागत नाही, तो स्वतःहून सौदा करतो: किल्ली घे, मला सोड. कलेक्टर शब्द पाळल्यासारखं करून त्याला राक्षसांच्या हवाली करतो. रक्ताची रेघ बाहेरून कुणालाच मोडता येत नव्हती, ती आतल्या माणसाने मोडली. आमच्या खळ्यात बसून भाऊबंदकीच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

पण मला हा सिनेमा जवळचा वाटतो तो मुख्यतः ब्रेकरमुळे. विल्यम सॅडलर या नटाने तो केलाय, ‘शॉशँक रिडेम्प्शन’मध्ये कैद्यांच्या टोळक्यातला हेवूड होता तोच. ब्रेकरला ही किल्ली पहिल्या महायुद्धाच्या खंदकात मरणाऱ्या सोबत्याकडून मिळाली. तेव्हापासून तो पळतोय, म्हातारा न होता. प्रत्येक चौकटीमागे किल्लीतलं रक्त कमी होत जातं, आणि ते पुन्हा भरायचं तर राखण करणाऱ्याच्या स्वतःच्या रक्ताने. आधीच्या प्रत्येक राखणदाराने तसंच भरलेलं.

आरवलीला वेतोबाच्या देवळात जा. गावाची राखण करत तो रात्री फिरतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या वहाणा वाहतात. केवढाल्या मोठ्या चामड्याच्या वहाणा तिथे मांडलेल्या असतात! राखण करणारा झिजतो हे आपण धरूनच चालतो. त्याला केळ्यांचे घड देतो, गाऱ्हाणं घालतो, सगळा गाव एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. राखण ही एकट्याची नसते, बाकीच्यांनी होकार भरायचा असतो. त्या लॉजमधल्या लोकांची अडचण हीच आहे की ते गाव नाहीत. त्यांना एका रात्रीत गाव व्हायचंय. काही होतात: आयरीनचा हात तुटलेला असताना ती आणि तिथे अडकलेला पोलीस, डेप्युटी बॉब, हातबॉम्ब घेऊन मागे थांबतात, इतरांना वर जाता यावं म्हणून. तिथे मला दर वेळी भरून येतं. हिरव्या रक्ताच्या, फुटणाऱ्या डोळ्यांच्या सिनेमात भरून येतं, हो.

दिग्दर्शक अर्नेस्ट डिकरसन. हा स्पाइक ली यांचा छायाचित्रकार होता, ‘डू द राइट थिंग’ आणि ‘माल्कम एक्स’ त्याने टिपलेत. म्हणून इथला निळा-हिरवा उजेड, तिरके कोन, खिडकीबाहेरच्या सावल्या कुठेही ढिसाळ नाहीत. राक्षस म्हणजे पोशाख घातलेली खरी माणसं आहेत, त्यामुळे दाराला धडक बसते तेव्हा दार खरंच हलतं. आणि या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने एक फार मोठी गोष्ट केली. अमेरिकन भयपटात काळं पात्र लवकर मारायचं ही जुनी खोड. इथे शेवटी उरते ती जेरीलिन, जेडा पिंकेटने केलेली, ज्या मुलीला त्या घरात सगळ्यात कमी किंमत होती. ती तोंडात ते रक्त घेऊन कलेक्टरच्या तोंडावर थुंकते आणि पुढची राखणदार तीच होते.

कोकणाला मालिकांनी भुताटकीचा प्रदेश करून टाकलंय. आमच्या देवचाराला (गावाच्या राखणदाराला), घाडीला (देवाला कौल लावणाऱ्याला), गाऱ्हाण्याला नुसतं घाबरवायच्या सामानासारखं वापरलं जातं याचा मला राग आहे. खरं तर वेढ्याची गोष्ट इथे किती सहज उभी राहील! आषाढात दरड कोसळून घाट बंद, एसटी अडकलेली, रात्रीपुरता आसरा म्हणून उघडलेली एखादी देवळाची धर्मशाळा. आत ड्रायव्हर-कंडक्टर, गणपतीआधी घर साफ करायला निघालेला चाकरमानी, टोपली घेतलेली मासेवाली, औषधविक्रेता, एकमेकांना न ओळखणारे. बाहेर राक्षस. आणि ते राक्षस संगणकावर काढू नका, दशावतारी नटांना बोलवा. स्वतःचा रंग स्वतः लावणारे, आयत्या वेळी पल्लेदार संवाद रचणारे नट आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांना सिनेमात पाहुण्या-नृत्याच्या दोन मिनिटांपलीकडे नेणारा दिग्दर्शक मला बघायचाय. कुणी असा सिनेमा करत असेल तर मला सांगा, गावातली घरं, शेतातले मांगर (गोठे-खोपटी), माणसं, जे लागेल ते दाखवायला मी येईन.

‘डेमन नाइट’ बघणार असाल तर लहान मुलांना सोबत बसवू नका. रक्त पुष्कळ आहे, शिव्या आहेत, आणि दारुड्याच्या प्रसंगात उघड्या बायका आहेत, ज्या तशा नसत्या तरी चाललं असतं. चौघा-पाचांनी मिळून बघा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलवा. ते काय म्हणतात ते खाली लिहा, मला वाचायचंय.