1892 की 1893, आणि माझा चार डॉलरचा स्कार्फ

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर भाद्रपदात तेच भांडण उगवतं. पुण्याचा सार्वजनिक गणपती भाऊसाहेब रंगारींनी 1892 ला बसवला, की टिळकांनी 1893 ला उत्सव सुरू केला? 2017 मध्ये महापालिकेनं 125 वं वर्ष साजरं करायला घेतलं आणि रंगारी मंडळानं हरकत घेतली, तेव्हापासून आमचा आतेभाऊ रंगारी पार्टी आणि मोठे काका टिळक पार्टी. यंदा न राहवून लिहिलं, अरे एका वर्षाचा फरक आहे, सोडा की. आतेभाऊ म्हणतो, "तू मेलबर्नात बसलायस, तुला काय घेणंदेणं?"

लागलं राव.

आता ज्या 1892 वरून यांचं चाललंय त्याच 1892 च्या फेब्रुवारीत इथे मेलबर्नात कॉलिंगवूड हा (ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलचा) क्लब निघाला. बुटांच्या कारखान्यांची गरीब वस्ती, आधी ब्रिटानिया म्हणून क्लब होता त्यातली मंडळी इकडे आली, आणि मे मध्ये व्हिक्टोरिया पार्क या घरच्या मैदानावर कार्लटन क्लबशी पहिली मॅच. 1927 ते 30 सलग चार फ्लॅग, म्हणजे विजेतेपदं, जिंकली, तीही कोच जॉक मॅकहेलच्या हाताखाली. यांचीही 125 वर्षं 2017 लाच भरली, आणि ब्रिटानियापासून का नाही मोजत असं विचारणारा माझ्या तरी ऐकण्यात नाही. बघा, शिका काहीतरी, असं मी ग्रुपवर टाकणार होतो.

टाकलं नाही, कारण इथलेही काही संत नाहीत. मेलबर्न फुटबॉल क्लब स्थापना म्हणून 1858 मिरवतो पण खेळाचे नियम लिहिले गेले मे 1859 मध्ये, यावरून रिचमंड स्टेशन येईपर्यंत हुज्जत घालणारे दोघं मी स्वतः ऐकलेत. अगदी आमचे काका आणि आतेभाऊ, फक्त हातात खायचा मीट-पाय.

आणि मी कॉलिंगवूडचा कसा झालो तेही काही अभिमानानं सांगण्यासारखं नाही. इथला माझा पहिला जुलै, थंडीनं कान गळायला आलेले, ऑप शॉपमध्ये (जुन्या वस्तूंच्या दुकानात) काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा स्कार्फ चार डॉलरला मिळाला, एका टोकाची झालर उसवलेली. दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये एक म्हातारा माझ्याकडे बघून "कार्न द पाईज" (पाईज म्हणजे मॅगपाईज, कॉलिंगवूडचं टोपणनाव; स्कार्फ त्यांच्याच रंगांचा) म्हणाला आणि शेजारी सरकून जागा दिली. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून बोललं होतं. ऑफिसात कळलं की अर्ध्या शहराला हे लोक आवडत नाहीत, यांना दात नसतात असा जुना विनोद आहे. तोवर उशीर झाला होता, मेंबरशिप घेऊन बसलो होतो.

बायको म्हणते एवढ्या क्लबमधून तुला हाच सापडला? बरोबर आहे तिचं. 1993 ला सेंट किल्डा क्लबच्या निकी विनमार या आदिवासी (अ‍ॅबोरिजिनल) खेळाडूनं जर्सी वर करून आपल्या कातडीकडे बोट दाखवलं ते व्हिक्टोरिया पार्कवरच, आमच्याच लोकांच्या शिव्या ऐकून. आमचाच कृष्णवर्णीय खेळाडू हेरिटियर लुमुंबा क्लबमधल्या वंशभेदाबद्दल वर्षानुवर्षं सांगत राहिला, मग चौकशी बसली, 2021 मध्ये अहवाल फुटला, त्यात चक्क सिस्टेमिक रेसिझम असं लिहिलेलं, आणि प्रेसिडेंट एडी मॅग्वायर म्हणाला हा अभिमानाचा दिवस आहे! आठच दिवसांत पद सोडावं लागलं. मी त्या आठवड्यात स्कार्फ कपाटात टाकला. मार्चमध्ये सीझन सुरू झाला तसा परत काढला. हे पण ग्रुपवर सांगणार नाही.

2023 चं सांगतो. अनंत चतुर्दशी 28 सप्टेंबरला, शुक्रवारी इथे फुटबॉलच्या ग्रँड फायनलची सुट्टी, म्हणून रात्रभर लक्ष्मी रोडची मिरवणूक लाइव्ह बघत बसलो. ढोल कानात, डोळ्यात पाणी, चौदा वर्षांत एकदाही विसर्जनाला गेलो नाही हो. आणि शनिवारी फायनलमध्ये कॉलिंगवूडनं ब्रिस्बेनला 90-86 हरवलं, चार पॉइंट, तेव्हा परत तेच पाणी. दोन्हीत फरक मला करता आला नाही, याची जरा लाजच वाटली.

यंदा ग्रुपवरचं भांडण मोठ्यानं वाचत होतो तर लेक म्हणाली, "बाबा, 1892 च बरोबर आहे, आपण तेव्हाच सुरू झालो ना?"

कुठलं आपण, ते मी विचारलं नाही. आतेभावाला फक्त एवढंच टाइप केलं, एक मत तुझ्या बाजूनं.