गोंद लावल्याशिवाय कळत नाही, गोंद लावल्यावर परत घेत नाहीत

काल रात्री पुन्हा तेच. नवा ट्युब्युलर टायर, म्हणजे रिमवर गोंदाने चिकटवायचा सायकलचा टायर, लावला होता. चाक सायकलला बसवलं, हवा भरली, हाताने फिरवलं, तर व्हॉल्व्ह वर आला की टायर उडी मारतोय. प्रत्येक फेरीला, त्याच जागी. दोन दिवस घालवले होते त्यावर! रिमवर गोंदाचा पातळ थर, वाळवा, दुसरा थर, वाळवा, टायरच्या तळाच्या पट्टीला थर, रात्रभर ठेवा. बोटांचा गोंद अजून निघालेला नाही. आणि हाती आला तो व्हॉल्व्हपाशी गाठ असलेला टायर. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास चार फेऱ्या घेतं, म्हणजे सेकंदाला चार दणके सीटमधून थेट मणक्यात. मऊ चालतो म्हणून तर ट्युब्युलर घेतो ना माणूस?

दुकानात फोन केला. "गोंद लागलाय, आता परत होणार नाही." मग म्हणे, आधी कोरड्या रिमवर चढवून बघायचा. बघितला होता! चार दिवस जुन्या रिमवर ताणून ठेवला होता. पण कोरड्या रिमवर टायर कसाही सरकतो, कुठे वाकडा दिसतो, कुठे फुगलेला. त्यातलं अर्धंअधिक गोंद लावताना हाताने ओढून सरळ होतं. उरलेलं होत नाही, आणि ते कोणतं, हे आधी कळायचा काही मार्ग नाही. शिवाय एकदा रिमवर ताणला की त्यांच्या हिशेबी तो वापरलेलाच. मग गिऱ्हाइकाने टायर पारखायचा तरी कधी?

मला राग गाठीचा कमी आणि लपवाछपवीचा जास्त आहे. ट्युब्युलर म्हणजे ट्यूबभोवती शिवून बंद केलेलं कापड. शिवण खाली, तिच्यावर पट्टी, वरून रबर. काही टायरांना ते रबर तयार कापडावर हाताने चिकटवतात. असा टायर सुती कापडाचा असेल तर रस्त्यावर लोण्यासारखा चालतो, पण रबर सरळ बसणं सगळं कारागिराच्या हातावर. दुसरे साच्यात तापवून पक्के करतात. ते गोल येतात, सरळ येतात, जास्त टिकतात, पण टणक चालतात. निवड करायची असते ती या दोनांत. आणि नेमकी तीच गोष्ट डब्यावर शोधावी लागते! डब्यावर काय असतं? 'रेस', 'प्रो', आणि चमकदार अक्षरांत वजन.

टीपीआयचा, म्हणजे कापडाच्या एका इंचात किती धागे त्याचा, आकडा तर डोकं फिरवतो. एका टायरवर ३२०, दुसऱ्यावर १८०. नवखा माणूस म्हणणार, पहिला जवळजवळ दुप्पट बारीक विणीचा. पण १८० च्या आधी '३/' असं छापलेलं असतं, म्हणजे रबराखाली कापडाचे तीन थर आणि तिन्हींचे धागे मिळून १८०. एका थरात ६० च. दोन आकडे दोन वेगळ्या पद्धतीने मोजलेले, आणि दुकानाच्या यादीत शेजारी शेजारी असे मांडतात की जणू एकाच तराजूतले. आत ट्यूब लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, की ब्यूटाइल या कृत्रिम रबराची, हेही धड सांगत नाहीत. लेटेक्स मऊ चालते, पण संध्याकाळी भरलेली हवा सकाळपर्यंत बरीच उतरलेली असते. मला रोज पंप मारायला काही हरकत नाही, पण आधी सांगा तरी! २५ मिलिमीटर रुंदी छापलेला माझा मागचा टायर मोजला तर साडेतेवीस भरला.

वर सल्ले देणारे आहेतच. "त्यात काय, काढ आणि पुन्हा लाव." दोन दिवसांचा मुरलेला गोंद सोलताना खालची पट्टी टायरपासून सुटू शकते, हे यांनी कधी पाहिलंय का? टायर रिमवर टिकतो तो मुख्यतः त्या पट्टीच्या आणि गोंदाच्या जोरावर, त्याला अडकवून धरणाऱ्या कडा रिमला नसतात. २००३ च्या टूर द फ्रान्समध्ये गाप गावाकडे उतरताना होसेबा बेलोकीचं मागचं चाक वितळलेल्या डांबरावर घसरलं, टायर रिमवरून निघाला, आणि मांडीचं हाड, कोपर, मनगट असं सगळं मोडून घेऊन तो शर्यतीबाहेर गेला. तो तर जगातला अव्वल सायकलपटू होता. लांब उतारावर ब्रेकने रिम तापली की गोंद मऊ पडतो. त्या वेळी अर्धवट सुटलेल्या पट्टीवर मी जीव टाकू?

"मग ट्यूबलेस घे." हे तर ऐकून ऐकून कान किटले. माझ्या रिमला टायर अडकवायला कडाच नाहीत, त्यामुळे ट्यूबलेस म्हणजे नवी चाकंच. आणि ही चाकं मी का टाकू? वजनाला हलकी आहेत, खड्ड्यात आदळलं तरी ट्यूब रिमवर चिमटून सहसा फुटत नाही, आणि नीट चिकटवलेला टायर पंक्चर झाला तरी रिमवरच राहतो, हळूहळू घरी पोचता येतं. वळणावर झुकताना त्या गोल टायरची जी पकड हाताला कळते, ती मला दुसऱ्या कशात मिळालेली नाही. शर्यतींतले मोठे संघ गेल्या काही वर्षांत ट्यूबलेसकडे वळले, तशी दुकानांतली ट्युब्युलरची फळी रिकामी होत चाललीय. उरलेल्यांत निवड करायची तर माहिती जास्त हवी. इथे ती आणखी कमी होतेय.

मी मागतोय ते फार नाही. रबर हाताने लावलंय की साच्यात, कापड सुती की नायलॉन, एका थरात धागे किती, ट्यूब कशाची, हवा भरल्यावर खरी रुंदी किती. पाच ओळी. आणि गाठ निघाली तर गोंद लागलेला असला तरी बदलून द्या, कारण ती गाठ कारखान्यात आली, माझ्या हातात नाही.

आज संध्याकाळी हा टायर सोलायला बसणार आहे. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून, बोट बोट सरकत. पट्टी टायरबरोबर आली तर पुन्हा लावून बघेन. रिमवर राहिली तर टायर गेला, आणि दुकानदार म्हणणार, तुम्हीच फाडलात.