एका दिवसात विटांची भट्टी होत नाही

सध्या एक मेसेज नातेवाइकांच्या, सोसायटीच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय: ‘अंगणात पिझ्झा-पावाची भट्टी एका दिवसात! कुठलीही वीट चालते. कापायची गरज नाही, फटीत सिमेंट भरा. संध्याकाळी पेटवा.’ मी परसात अशी भट्टी स्वतः बांधली आहे. हे वाचून कुणी पोराबाळांना घेऊन ओल्या भट्टीसमोर बसेल, याची मला खरोखर भीती वाटते.

‘कुठलीही वीट चालते.’ हे अर्धंच खरं. चांगली भाजलेली लाल वीट घुमटाला चालते. दोन विटा एकमेकींवर वाजवा. खणखणीत आवाज आला तर पक्की, बद्द आला तर बाजूला ठेवा. पण आज दुकानात ‘वीट’ मागितली की पुष्कळदा राखेची करडी वीट हातात पडते. ती भाजलेली नसते, सिमेंट-चुन्याने घट्ट झालेली असते. ती आगीसमोर लावू नका, एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटचा हलका, सच्छिद्र ठोकळाही नको. तळाला मात्र फायर ब्रिक, म्हणजे खास उष्णता सोसणारी वीटच घ्या, कारण निखारे तिथे पडतात आणि पावही तिथेच भाजतो. त्या विटा मालात बसवायच्या नाहीत. वाळू आणि फायर क्लेच्या (उष्णता सोसणाऱ्या मातीच्या) पातळ थरावर कडेला कड भिडवून कोरड्याच मांडायच्या. एखादी तडकली तर तेवढीच उचलून बदलता येते.

‘फटीत सिमेंट भरा.’ घुमट 400 ते 500 अंशांवर तापतो. सिमेंटची ताकद 300 च्या पुढेच झपाट्याने उतरते. आणखी वर त्यातला चुना पाणी सोडतो, मग भट्टी थंड झाल्यावर हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि सांधा भुगा होऊन खाली पडतो, तुमच्या पावावर. आतल्या सांध्यांना फायर क्ले आणि बारीक वाळूचा माल वापरा. तो पावसात टिकत नाही, म्हणून भट्टीवर छप्पर हवंच.

‘कापायची गरज नाही.’ इथे मात्र हिशोबच करून बघू. आतून 90 सेंटिमीटर व्यासाचा घुमट धरा. 23 सेंटिमीटरची वीट मधोमध कापून अर्ध्या विटा गोल मांडल्या, तर पहिल्या थरात 24 बसतात. आतल्या बाजूला जेमतेम 3 मिलिमीटरचा सांधा राहतो, बाहेर मात्र सव्वातीन सेंटिमीटरची फट. ती माल आणि विटांच्या कपच्यांनी भरली तर चालते. पण वरचे थर आत कलायला लागले की चौकोनी विटांमध्ये आतूनही तिकोनी फट पडते, वर मिटलेली आणि खाली उघडी. खाली थेट आग असते, त्यामुळे तिथला माल सुटतोच. म्हणून तिसऱ्या-चौथ्या थरापासून विटांच्या बाजू तिरक्या उतरवाव्याच लागतात.

चार इंची ग्राइंडर साडेसात सेंटिमीटर जाडीच्या विटेतून आरपार जात नाही. डायमंड ब्लेडने चारही बाजूंनी सेंटिमीटरभर खाच पाडा, वीट वाळूच्या ढिगावर ठेवा, खाचेवर रुंद छिन्नी टेकवा आणि एकच ठोका द्या. आमच्या गवंडीकाकांनी मला हे दाखवलं तेव्हा वीट सुरीने कापलेल्या वडीसारखी दुभंगली. वाळूऐवजी फरशीवर ठेवून मी मारली, तर तीन तुकडे! आणि ही धूळ हलक्यात घेऊ नका. त्यात सिलिका असते, ती फुप्फुसात साचते. वीट आधी भिजवा, वाऱ्याकडे पाठ करा, चष्मा आणि एन-95 मास्क लावा. रुमालाने भागत नाही. विजेच्या ग्राइंडरवर पाणी मात्र ओतू नका.

मेसेजमध्ये तोंडाच्या मापाचा उल्लेखच नाही. तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या साधारण 63 टक्के ठेवतात: 45 सेंटिमीटरला 28. फार उंच ठेवलं तर उष्णता निसटते, फार ठेंगणं ठेवलं तर धूर कोंडतो.

‘संध्याकाळी पेटवा.’ सगळ्यात घातक ओळ हीच. मालात आणि भिजवलेल्या विटांत लिटरच्या लिटर पाणी असतं. त्याची एकदम वाफ झाली तर ती वाट फोडून निघते: सांधे तडकतात, कपच्या उडतात. आम्ही आठवडाभर भट्टी सावलीत वाळू दिली. मग पहिल्या दिवशी फक्त काटक्यांचा मूठभर जाळ, 100 अंशांच्या आत. पुढे रोज थोडा थोडा वाढवला. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या विटांवर ओलाव्याचे डाग उमटले होते, पाणी अजून निघतच होतं. सहाव्या संध्याकाळी मोठा जाळ केला, तेव्हा घुमटावरची काजळी जळून गेली आणि आतल्या विटा पुन्हा लाल दिसू लागल्या.